वाईनच्या द्राक्षाला खत किती? ब्रिक्स आला, मग पीएच का चढला?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दिंडोरी तालुक्यातली बाग. आधी खाण्याच्या द्राक्षाची थॉम्पसन जात होती, आता वायनरीशी करार करून दोन एकर शिराझ (तांबड्या वाईनची जात) आणि एक एकर शेनिन ब्लाँ (पांढऱ्या वाईनची). शिराझ भारी काळ्या जमिनीत, डॉगरीज खुंटावर (खुंट म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात ते). शेनिन वरच्या मुरमाड उतारावर. विहिरीचं पाणी, ठिबक. गेल्या हंगामात शिराझ एकरी नऊ टन निघाला, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २३ आला, तरी वायनरीने "पीएच ३.९, रंग फिका" असं सांगून भाव कमी लावला. पीएच हे आंबटपणाचं उलटं माप: आकडा चढला म्हणजे आंबटपणा उतरला. शेनिनची तक्रार निराळी: रस आंबताना अडकतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. शिराझला खताचं वेळापत्रक थॉम्पसनचंच चालू आहे, वर "साखर भरायला" शेवटच्या महिन्यात दोनदा ०-०-५० (पन्नास टक्के पोटॅशचं खत). शेनिनला "जमीन हलकी, खत वाहून जातं" म्हणून जवळजवळ काहीच नाही. विचारणा अशी की कोणतं खत वाढवलं म्हणजे दर्जा सुधारेल, आणि कोंबडीखताची गाडी सांगून ठेवली आहे ती टाकावी का.

मी नाशिक भागात वाईनच्या बागांना सल्ला देतो, आणि त्याआधी काही वर्षं वायनरीत तळघराच्या बाजूला काम केलं आहे. त्यामुळे एकच माल दोन्ही टोकांनी पाहायची सवय आहे. त्यावरून सांगतो: तुमच्याकडे एकाच मालकाच्या दोन प्लॉटमध्ये दोन उलट दुखणी आहेत. शिराझला जास्त झालंय, शेनिनला कमी पडतंय. दोघांना एकच उत्तर दिलं तर एक तरी प्लॉट बिघडणार.

खाण्याच्या द्राक्षात आपण खत कशासाठी देतो? मणी १८ मिलिमीटरचा व्हावा, कडक राहावा, चकाकी यावी, पेटीत टिकावा म्हणून. वाईनच्या द्राक्षात यातलं काहीही नको आहे. मणी लहान हवा, कारण रंग आणि टॅनिन सालीत असतं आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त येते. आम्ल टिकायला हवं. आणि रस आंबवणाऱ्या यीस्टला खायला पुरेल इतकं नत्र (नायट्रोजन) रसात हवं. थॉम्पसनचं वेळापत्रक पहिली दोन्ही कामं बिघडवतं. ते वेळापत्रक चुकीचं नाही, दुसऱ्या कामासाठी बनवलेलं आहे.

आता पोटॅशकडे, म्हणजे पोटॅशियमकडे येऊ, कारण शिराझचा खरा घोळ तिथे आहे असा माझा अंदाज आहे.

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक. पोटॅशियम या आम्लाशी जोडी जमवतं आणि त्याचा क्षार तयार होतो, पोटॅशियम बायटार्टरेट. वाईनच्या टाकीच्या भिंतीवर खडीसाखरेसारखे जे खडे चिकटतात ते हेच. म्हणजे मण्यात पोटॅश जितकं जास्त, तितकं आम्ल बांधलं जातं आणि पीएच वर सरकतो. यात एक खोच आहे. रसाचा पीएच साधारण ३.६५ च्या खाली असेल तर हे खडे बसताना पीएच आणखी थोडा खाली जातो. त्याच्या वर असेल तर उलट, खडे बसता बसता पीएच आणखी चढतो. ३.४ चा रस सुधारत जातो, ३.९ चा बिघडत जातो. वायनरी ०.१ च्या फरकावर इतकी का अडते, याचं हे एक कारण.

दुसरं कारण गंधकाचं. वाईन टिकवायला जो सल्फर डायऑक्साइड वापरतात, त्याचा जंतूंवर खरा मारा करणारा भाग पीएच ३.२ ला सुमारे चार टक्के असतो आणि ३.८ ला जेमतेम एक टक्का. म्हणजे तेवढंच संरक्षण मिळवायला चौपट मात्रा लागते. त्याला कायद्याची मर्यादा आहे आणि चवीचीही. मग वायनरी टार्टारिक आम्ल विकत आणून ओतते. लिटरला एक ग्रॅम टाकलं की पीएच ढोबळमानाने ०.१ उतरतो, पण पोटॅशने भरलेल्या रसात तेवढाही उतरत नाही, कारण टाकलेलं आम्ल पुन्हा खडे होऊन तळाशी जातं. हा खर्च शेवटी तुमच्या भावातून निघतो.

तिसरं म्हणजे रंग. तांबड्या वाईनचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे असतो, तो पीएचप्रमाणे बदलतो. आम्ल जास्त असेल तर लाल उठून दिसतो, पीएच चढला की तेच रंगद्रव्य मळकट निळसर किंवा चक्क बिनरंगी होतं. त्यामुळे "रंग फिका" ही तक्रार सगळी रंगद्रव्य कमी असल्याची नसते. काही वेळा रंगद्रव्य असतं, पण पीएचमुळे दिसत नाही.

तांबड्या जातीत हे जास्त बोचतं, कारण मण्यातलं बरंचसं पोटॅश सालीत असतं आणि तांबडी वाईन सालीसकट आंबवतात. पांढऱ्यात रस आधीच पिळून वेगळा काढतात. त्यामुळे त्याच जमिनीतला शेनिन कदाचित निभावला असता, शिराझ निभावत नाही.

मण्यात पोटॅश कधी शिरतं हेही महत्त्वाचं. मण्यात पाणी उतरायला लागल्यापासून (मणी मऊ पडून रंग धरतात तेव्हापासून) काढणीपर्यंत, साखरेच्या सोबतीने, ते झपाट्याने मण्यात जमा होतं. आणि आपण ०-०-५० नेमकं तेव्हाच सोडतो. वेलीला पोटॅशची खरी कमतरता असेल तर या डोसाने साखर वाढते, हे मान्य. पण कमतरता नसताना दिलेल्या पोटॅशने ब्रिक्स वाढत नाही, फक्त पीएच वाढतो. आपल्याकडची बेसाल्टपासून झालेली भारी काळी जमीन मुळात पोटॅशची श्रीमंत असते. त्यात वर्षानुवर्षं थॉम्पसनला ०-०-५०, १३-०-४५, ०-५२-३४ अशी पोटॅशची खतं पाजलेली. तुमच्या शिराझला ते दोन डोस मिळाले नसते तरी ब्रिक्स २३ आलाच असता, असं मला वाटतं.

इथे एक अट घालतो, नाहीतर कोणीतरी हे वाचून उद्या पोटॅश बंद करेल. विहिरीचं पाणी खारट असेल, जमिनीत सोडियम साठलेलं असेल, पानांच्या कडा काळ्या पडून जळत असतील, तर पोटॅश डोळे झाकून तोडू नका. सोडियम वेलीत शिरतो तेव्हा पोटॅश मागे हटतं आणि अशा बागेत पोटॅशची खरीच उणीव असू शकते. निफाडकडच्या आणि सांगलीकडच्या काही बागांत हे नेहमी दिसतं. म्हणून आधी देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत तपासणं), मग निर्णय. फुलोऱ्यातल्या देठात पोटॅश दीड टक्क्याच्या बरंच वर आलं आणि सोडियम कमी असला, तर त्या हंगामात पोटॅशची एक चिमूटही नको.

पोटॅश बंद केल्याने पुढच्याच वर्षी पीएच ३.५ होईल असंही मी म्हणत नाही. भारी जमिनीतला साठा दोन-तीन हंगाम तरी पुरतो. दरम्यानच्या काळात पीएच खाली आणायचा हुकमी उपाय खताच्या गोणीत नाही, तो मांडवावर आहे. सावलीतलं पान आपलं पोटॅश मण्याकडे ढकलतं. दाट पानोळ्यातल्या (पानांच्या गर्दीतल्या) घडांचा पीएच मोकळ्या घडांपेक्षा चढा येतो तो यामुळेच. आणि पानोळा दाट होतो नत्राने.

नत्राचं म्हणाल तर तुमच्या शिराझमध्ये ते किती जास्त आहे हे मला इथे बसून कळणार नाही, पण तुम्हाला बागेत उभं राहून कळेल. मणी रंगायला लागतात त्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमाराला ओळीत शिरा. शेंड्यांकडे बघा. शेंडा अजून कोवळा, वाकलेला, पुढची तंतुरी (आधार धरणारा तंतू) त्याच्याही पुढे गेलेली दिसली, तर वेल वाढतेच आहे. वाईनच्या द्राक्षात रंग फिरायच्या सुमाराला शेंडा थांबायला हवा, कडक व्हायला हवा. मग जमिनीकडे बघा. वेलीखाली उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात का? नुसती गार सावली असेल तर आतले घडही त्याच सावलीत आहेत. एक घड उचला आणि मागच्या बाजूचे मणी बघा, हिरवट-गुलाबी राहिलेत का. बगलफूट पुन्हा पुन्हा काढावी लागते का, पेरातलं अंतर वीतभर झालंय का. ही सगळी नत्राची सही आहे. भरपूर पाणी दिल्यानेही असंच दिसतं, म्हणून खत कमी करताना पाणी तसंच ठेवलं तर अर्धंच काम होतं.

नत्र जास्त झालं की वाईनमध्ये काय होतं? वेल साखर आणि रंग बनवायचं सोडून पानं बनवते. पिकणं लांबतं, आणि नाशिकला पिकणं लांबणं म्हणजे माल मार्चच्या उन्हात जाणं. तिथे मॅलिक आम्ल जळतं, पीएच आणखी चढतो. उष्णतेत अँथोसायनिनही कमी बनतं. कॅबर्ने आणि सोविन्यों ब्लाँ सारख्या जातींत सावलीतल्या घडांना हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास राहतो. त्यामागे मेथॉक्सिपायराझिन नावाचं द्रव्य आहे, ते उन्हाने कमी होतं आणि सावलीत टिकतं. शिराझमध्ये हा वास फारसा नाही, पण चवीला पोकळपणा येतो. दाट पानोळ्यात भुरी (पांढरी बुरशी) लपून बसते आणि फवारणीचं औषध आत पोचत नाही, हे तर तुम्हाला थॉम्पसनपासून माहीत आहेच.

आता हिशेब मांडू, कारण खरी गोम इथे आहे आणि ती फारशी कोणी मांडत नाही.

एक टन द्राक्ष बागेबाहेर जाताना सोबत साधारण दोन किलो नत्र आणि तीन किलोच्या आसपास पोटॅश घेऊन जातं. शिराझला एकरी पाच-सहा टन हे माप धरलं, तर फळाबरोबर जाणारं नत्र दहा-बारा किलो. छाटणीच्या काड्या बारीक करून बागेतच गाडल्या तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. दहा-बारा किलो नत्र म्हणजे युरियाची ४५ किलोची अर्धी गोणी आणि वर थोडं. एवढंच. थॉम्पसनला आपण याच्या कित्येक पट देतो, कारण तिथे भार दुप्पट असतो आणि मणी फुगवायचा असतो.

या दहा-बारा किलोतलं किती आधीच येतंय ते मोजा. पहिलं पाणी. विहिरीच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल (पिण्याच्या पाण्याची ही मर्यादा आहे आणि कांदा-भाजीपाल्याच्या पट्ट्यात अनेक विहिरी त्याच्या वर जातात), तर त्यात सुमारे दहा मिलिग्रॅम शुद्ध नत्र असतं. हंगामभरात ठिबकने एकरी दहा लाख लिटर पाणी दिलंत, तर दहा किलो नत्र नुसत्या पाण्यातून पोचलं. म्हणजे पूर्ण पिकाची गरज विहिरीनेच भागवली. हे पाणी परीक्षण तुम्ही केलेलं नसेल तर आधी ते करा, देठ परीक्षणाच्याही आधी. बहुतेक बागायतदार पाण्याचा क्षार आणि पीएच तपासतात, नायट्रेटकडे बघत नाहीत.

दुसरं शेणखत. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरा. दोन टनांची एक ट्रॉली म्हणजे दहा किलो, त्यातलं पहिल्या वर्षी थोडंच मोकळं होतं, बाकी पुढच्या वर्षांत. चार-पाच ट्रॉल्या दरवर्षी जात असतील तर ती शिल्लक साठत जाते आणि पावसाळ्यात, जमीन गरम आणि ओली असताना, एकदम बाहेर येते. सेंद्रिय खताने नत्र जास्त होत नाही ही समजूत चुकीची आहे. ते सावकाश येतं, पण तुम्ही सांगाल तेव्हा थांबत नाही. ठिबकचा ड्रम बंद करता येतो, चरातलं शेणखत बंद करता येत नाही.

या हिशेबाने तुमच्या शिराझला पुढचा हंगाम नत्राचा एकही डोस लागणार नाही, अशी दाट शक्यता आहे. लागलाच तर खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावर उन्हाळ्यात करतात ती) पहिल्या महिन्यात, काड्या फुटून वाढत असताना, तोही काडी बारीक निघत असेल तर. छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात नत्र आणि पाणी सोडत राहिलं तर काडी दणकट दिसते, पण ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड कमी फुटतात किंवा जिरतात. ही गोष्ट थॉम्पसनमध्ये जशी तशीच इथेही. त्यानंतरच्या काळात काडी पिकायला पोटॅश द्यायची पद्धत आहे, ती देठात पोटॅश कमी निघालं तरच पाळा. ऑक्टोबर छाटणीनंतर मी भारी जमिनीतल्या शिराझला सहसा काहीच सोडू देत नाही, फुलोऱ्याआधी झिंक-बोरॉनची फवारणी सोडून. चुनखडीच्या जमिनीत झिंक आणि फेरस अडकून बसतात, बोरॉन कमी पडलं तर मणी नीट धरत नाहीत आणि घडात शॉट बेरी, म्हणजे न वाढलेले बारीक मणी, राहतात.

मॅग्नेशियमचा एक इशारा देऊन पुढे जातो. काडीच्या तळाकडच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, किंवा शिराझसारख्या जातीत तांबूस, दिसला तर दुकानदार लगेच मॅग्नेशियम सल्फेट देतो. घ्या, पण हे जास्त पोटॅशमुळेही होतं. मुळाजवळ पोटॅशची गर्दी असली की मॅग्नेशियमला आत शिरता येत नाही. तेव्हा पानांवर मॅग्नेशियमच्या उणिवेचा पिवळेपणा दिसणं हाही तुमच्या पोटॅशच्या हिशेबातला पुरावा समजा.

आता शेनिन. इथे मी उलट बोलणार आहे, गोंधळ वाटू देऊ नका.

रसात यीस्टला वापरता येईल असं नत्र लिटरला साधारण १४० ते १५० मिलिग्रॅम तरी लागतं. ते त्याच्या खाली गेलं की यीस्ट उपाशी राहतं. साखर संपवता संपवता दमतं आणि आंबणं मध्येच थांबतं. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं, तोच तुमचा कुजक्या अंड्याचा वास. मुरमाड उतारावर, खताविना, ठिबकच्या पाण्यावर वाढलेल्या शेनिनला हेच झालं असणार. पांढऱ्या वाईनच्या सुगंधालाही थोडं नत्र लागतं. सोविन्यों ब्लाँच्या फळांच्या वासाला कारणीभूत असलेली गंधकयुक्त द्रव्यं उपाशी वेलीत नीट तयार होत नाहीत. म्हणजे "वाईनच्या द्राक्षाला वेल उपाशी ठेवा" हे जे सरसकट सांगितलं जातं, ते तांबड्यापुरतं आणि सुपीक जमिनीपुरतं खरं आहे. मुरमावरच्या पांढऱ्या जातीला ते लावलं की असं होतं.

वास मात्र गंधकाच्या फवारणीनेही येतो. भुरीसाठी काढणीच्या तोंडावर गंधक मारलं असेल आणि ते मण्यावर राहून टाकीत गेलं असेल, तर नत्र भरपूर असूनही तसाच वास सुटतो. तुमची शेवटची गंधकाची फवारणी कधी झाली होती ते वहीत बघा. काढणीच्या आधी महिनाभर गंधक बंद ठेवलेलं असेल तर नत्राकडे वळा.

वायनरी हे नत्र टाकीत डायअमोनियम फॉस्फेट टाकून भरू शकते. लिटरला १०० मिलिग्रॅम टाकलं की सुमारे २१ मिलिग्रॅम नत्र मिळतं. ते चालतं, पण यीस्टला नुसतं अमोनियम मिळतं, अमिनो आम्लांची विविधता मिळत नाही, आणि ती विविधता मण्यातूनच येते. म्हणून मी बागेत थोडं द्यायच्या बाजूचा आहे. शेनिनला खरड छाटणीनंतर हलके, वारंवार डोस, एकदम मोठा नको, कारण मुरमातून तो खाली निघून जाईल. काढणी झाल्यावर खरड छाटणीपर्यंतच्या विश्रांतीच्या काळात, पानं हिरवी असताना, थोडं नत्र आणि हलकं पाणी. आपल्याकडे काढणी झाली की ठिबक बंद करायची घाई असते, पण वेल खोडात आणि मुळांत साठा करून ठेवते तो याच दिवसांत. आणि शेणखत इथे टाका, शिराझला नको. मुरमात ओल धरायला आणि नत्र सावकाश सोडायला ते खरंच कामाचं आहे.

त्यानेही रसातलं नत्र वाढलं नाही, तर पाणी उतरायच्या सुमाराला एक टक्क्याच्या आत युरियाची पानांवर एक-दोन फवारणी हा उपाय आहे. कमी बाययुरेटचा (बाययुरेट म्हणजे युरियातलं पानं जाळणारं द्रव्य) युरिया, संध्याकाळी, आणि वायनरीच्या वाईनमेकरला सांगूनच. याने शेंडा पळत नाही, कारण वाढीचा काळ संपलेला असतो, आणि नत्र रसात पोचतं. पण काढणीच्या जवळ अजिबात नको. युरिया रसात राहिला तर त्यापासून इथाइल कार्बामेट हे नको असलेलं द्रव्य तयार होण्याचा धोका असतो. नत्राने गच्च झालेल्या द्राक्षातही तोच धोका आहे, म्हणून "यीस्टला लागतं ना, मग भरपूर देऊ" असं करू नका.

इतकं सगळं सांगून झाल्यावर थोडक्यात: शिराझला पोटॅश बंद, नत्र जवळजवळ बंद, पानोळा मोकळा, भार कमी. शेनिनला थोडं नत्र, शेणखत, गंधकाची तारीख तपासायची. आणि दोन्हींचे देठ वेगवेगळे तपासायचे.

देठाचं सांगायचं तर नमुना नीट घ्या, नाहीतर अहवालाला अर्थ राहत नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४५ व्या दिवशी तळापासून पाचव्या पानाचा देठ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडाच्या समोरच्या पानाचा. सकाळी, प्लॉटभर फिरून शंभरेक वेलींवरून एकेक. पान तोडल्या तोडल्या पातं वेगळं करा, नुसता देठ ठेवा. पातं तसंच राहिलं तर ते देठातलं शोषून घेतं आणि आकडे चुकतात. कागदी पिशवी, प्लॅस्टिक नको. झिंकची फवारणी झालेली असेल तर नमुना काही दिवस थांबवा. पुण्याजवळच्या मांजरी फार्मच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस बघून आकडे जुळवा, पण तिथले बरेचसे निकष खाण्याच्या द्राक्षांचे आहेत हे ध्यानात ठेवा. वाईनसाठी पोटॅश आणि नत्र त्यांच्या खालच्या टोकाला असलं तरी घाबरायचं कारण नाही.

भाराबद्दल दोन शब्द, कारण खताशी त्याचं थेट नातं आहे. शिराझला नऊ टन हे वाय सांगाड्यावर (इंग्रजी Y आकाराच्या मांडवावर), पाण्याच्या जोरावर येतं, पण डॉगरीजसारख्या जोरकस खुंटावर तेवढा माल पिकवायला खत लागतं, आणि खत दिलं की पानोळा होतो, आणि पानोळ्याने रंग जातो. हे चक्र कुठेतरी तोडायला लागतं. पाच-सहा टनांवर आलात तर खताची गरजच त्या प्रमाणात कमी होते. पैशाचा हिशेब तुम्ही घाला. करार फक्त ब्रिक्सवर पैसे देणारा असेल, तर वायनरी तुम्हाला नकळत पोटॅश टाकायलाच सांगतेय, असं माझं मत आहे. पुढच्या करारात पीएच आणि रसातलं नत्र हे दोन आकडे लिहून घ्या, आणि चांगल्या आकड्याला जास्त दर मागा. नुसता कापायचा करार एकतर्फी आहे.

तोपर्यंत स्वतःचं मोजमाप ठेवा. ब्रिक्समीटर तुमच्याकडे असेलच. एक साधा पीएचमीटर घ्या, ४ आणि ७ च्या बफरवर दर वेळी जुळवून घ्या. पाणी उतरल्यापासून दर आठवड्याला शंभर-दीडशे मणी, वेगवेगळ्या वेलींचे, घडाच्या पुढून-मागून, वरून-खालून. चिरडा, गाळा, दोन्ही आकडे वहीत. शिराझमध्ये दोन ओळी अशा सोडा की जिथे पोटॅशचा थेंबही जाणार नाही, आणि बाकीच्या बागेत तुम्हाला धीर धरवत नसेल तर तुमचं नेहमीचं चालू द्या. काढणीच्या दिवशी दोन्हींचा ब्रिक्स आणि पीएच शेजारी शेजारी लिहा. ब्रिक्स तोच आला आणि पीएच ०.१-०.२ ने खाली आला, तर पुढच्या वर्षी तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज पडणार नाही. फरक आलाच नाही, तर पोटॅश जमिनीतूनच येतंय. मग सगळा भर पानोळ्यावर, पाण्यावर, आणि पुढे कधी नवीन लावण केलीत तर खुंट बदलण्यावर. ११०आर सारखा डॉगरीजपेक्षा कमी जोरकस खुंट भारी जमिनीत शिराझला जास्त साजेल.

राहिली कोंबडीखताची गाडी. कोंबडीखतात नत्र दोन ते तीन टक्के असतं, शेणखताच्या चार-सहा पट. दोन टनांची गाडी म्हणजे चाळीस ते साठ किलो नत्र, त्यातलं बरंचसं पहिल्याच वर्षात मोकळं होणारं. वर पोटॅश आणि क्षारही आलेच. शिराझला ती तीन-चार वर्षांची शिदोरी एका दमात मिळाल्यासारखी होईल. शेनिनच्या मुरमातही ताजं टाकू नका. गाडी परत पाठवता येत नसेल तर कांद्याच्या रानात टाका. तिथे तिचं सोनं होईल, आणि तुमची विहीर त्या रानाच्या उताराखाली असेल तर पुढच्या पाणी परीक्षणात नायट्रेट किती वाढलं तेही बघून ठेवा.